माती परीक्षणाचे आकडे आणि खताच्या गोण्या: हिशोब नेमका कुठे चुकतो

मे महिन्यात आणि पुन्हा रब्बीच्या तोंडावर एक प्रश्न हमखास येतो. "एकाच वावरातली माती तीन ठिकाणी दिली. एक म्हणतो स्फुरद ५, दुसरा ११, तिसरा २५. खरं कोणाचं धरायचं?" पुष्कळदा तिघांचंही खरं असतं. प्रयोगशाळेला नावं ठेवण्याआधी आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. ते न वाचता केलेला हिशोब दुपटीनेही चुकू शकतो, आणि चुकला हे कळतही नाही. पीक तर येतंच, दोष पावसावर नाहीतर बियाण्यावर जातो.

मध्यम काळ्या जमिनीचा एक नमुना घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण असे अहवाल पठारी भागात सर्रास दिसतात. पहिल्या कागदावर पीएच ८.२, सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.४८ टक्के, नत्र (नायट्रोजन) १८८, स्फुरद (फॉस्फरस) ११.२ आणि पालाश (पोटॅशियम) ४४८, शेवटचे तिन्ही किलो प्रति हेक्टर. दुसऱ्या कागदावर स्फुरद ५ पीपीएम, पालाश २०० पीपीएम. तिसऱ्यावर पी२ओ५ २५.७ किलो, के२ओ ५३८ किलो आणि सेंद्रिय पदार्थ ०.८३ टक्के. तिन्ही कागद एकच गोष्ट सांगतायत.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, अर्थात एक किलो मातीत एक मिलिग्रॅम. काही कागदांवर तेच 'मिग्रॅ प्रति किलो' असं असतं. हे हेक्टरी किलोत आणायचं तर हेक्टरच्या वरच्या थराचं वजन लागतं. ते २२ लाख ४० हजार किलो धरायची जुनी रीत आहे. एकरी २० लाख पौंड माती या ठोकताळ्यातून तो आकडा आलाय आणि त्यात थराची जाडी सुमारे १७ सेंटिमीटर गृहीत आहे. दहा लाख किलोमागे एक किलो, तर २२.४ लाखांमागे २.२४ किलो. म्हणून ५ पीपीएम स्फुरद म्हणजे ११.२ किलो आणि २०० पीपीएम पालाश म्हणजे ४४८ किलो.

तिसऱ्या कागदाचा गुंता वेगळा आहे. त्यांनी मूलद्रव्याचं ऑक्साइड करून छापलंय. स्फुरद मूलद्रव्य गुणिले २.२९ म्हणजे पी२ओ५, पालाश मूलद्रव्य गुणिले १.२ म्हणजे के२ओ. ११.२ चे २५.७ झाले, ४४८ चे ५३८. सेंद्रिय कर्बाला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ, म्हणजे ०.४८ चे ०.८३. हा शेवटचा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. ०.८३ हा कर्ब समजून "माझी जमीन भारी आहे" म्हणत शेणखत बंद केल्याचीही उदाहरणं आहेत.

मूलद्रव्य आणि ऑक्साइड हा घोळ होतो, कारण आपण दोन्ही भाषा एकाच वेळी वापरतो. माती परीक्षणाचे कमी-मध्यम-जास्त हे तक्ते मूलद्रव्यात आहेत. खताची गोणी आणि विद्यापीठाची शिफारस पी२ओ५ व के२ओ मध्ये आहे. डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) खतावरचे ४६ टक्के म्हणजे पी२ओ५, पोटॅश (म्युरेट ऑफ पोटॅश) खतावरचे ६० टक्के म्हणजे के२ओ. मराठीत मात्र दोन्हीकडे स्फुरद-पालाशच लिहिलेलं असतं. त्यामुळे कोणत्या कागदावर कोणतं आहे, हे विचारूनच पुढे जायचं. नत्राला ही भानगड नाही, दोन्हीकडे नत्र ते नत्रच.

चुकीचं वाचलं तर काय होतं

आता प्रतवारी. देशभर चालणाऱ्या तीन वर्गांच्या तक्त्यात (आकडे हेक्टरी किलोत) नत्र २८० च्या खाली कमी, २८० ते ५६० मध्यम, वर जास्त. स्फुरद १० च्या खाली कमी, २५ च्या वर जास्त. पालाश २८० च्या वर जास्त. महाराष्ट्रात सहा वर्गांचा तक्ताही वापरतात: अत्यंत कमी, कमी, मध्यम, थोडे जास्त, जास्त, अत्यंत जास्त. त्यात स्फुरद ७ च्या खाली अत्यंत कमी, ७ ते १४ कमी, १४ ते २१ मध्यम. म्हणजे आपला ११.२ एका तक्त्यात मध्यम आणि दुसऱ्यात कमी. हीसुद्धा नेहमीची तक्रार आहे: "आकडा तोच, शेरा वेगळा." शेरा वाचायचा तर तक्ता कोणता, हे बघावं लागतं. मी सहा वर्गांचा धरतो, कारण आपल्या जमिनींत स्फुरदाचे आकडे ५ ते २५ मध्येच घुटमळतात आणि तीन वर्गांत ते दोनच ढिगांत पडतात.

साधा नियम असा, की शिफारस मध्यम जमिनीसाठी असते. कमी असेल तर २५ टक्के वाढवा, अत्यंत कमी असेल तर ५० टक्के. जास्तीकडे गेलं की त्याच हिशोबाने घटवा. बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र:स्फुरद:पालाश) आहे. आपल्या नमुन्यात स्फुरद कमी वर्गात, म्हणून ६० चे ७५ व्हायला हवेत. पण ५ पीपीएम हेच ५ किलो समजलं, तर जमीन 'अत्यंत कमी' ठरते आणि ६० चे ९० होतात. उलट पी२ओ५ चे २५.७ हेच मूलद्रव्य समजले, तर तीन वर्गांच्या तक्त्यात जमीन 'जास्त' ठरते आणि ६० चे ४५ होतात. एकाच वावराला ४५ किंवा ९०! एकरावर आणलं तर डीएपीची पाऊण गोणी इकडची तिकडे. पालाशाचंही तसंच. २०० पीपीएमला किलो समजलात, तर 'मध्यम' म्हणून पूर्ण पोटॅश टाकाल. प्रत्यक्षात ४४८ आहे, म्हणजे दोन्ही तक्त्यांत वरच्या टोकाला.

२.२४ की २?

थोडं खोलात शिरलेल्यांचा हा प्रश्न असतो. १५ सेंटिमीटर थर आणि मातीची स्थूल घनता (एक घन सेंटिमीटर मातीचं वजन, ग्रॅममध्ये) १.३३ धरली, तर हेक्टरी वजन २० लाख किलो भरतं आणि गुणक २ येतो. मग २.२४ चूक का? सूत्र असं: पीपीएम गुणिले घनता गुणिले खोली (सेंटिमीटर) भागिले १०. घनता १.२५ असेल तर १५ सेंटिमीटरला १.८७५ येईल.

पण हे सूत्र कधी वापरायचं आणि कधी नाही, इथे खरी मेख आहे. प्रतवारीच्या हद्दी बघा. २८० भागिले २.२४ म्हणजे १२५ पीपीएम, ५६० भागिले २.२४ म्हणजे २५० पीपीएम, अगदी पूर्ण आकडे. म्हणजे तक्त्याच्या हद्दी २.२४ च्याच मापाने आखलेल्या आहेत. तेव्हा वर्ग ठरवताना २.२४ च वापरा, तुमच्या जमिनीची घनता काहीही असो. स्वतःची घनता मोजून १.८७ ने गुणून त्या तक्त्यात पाहिलं, तर अचूकपणाच्या नादात चूक होते. फळबागेत ३० सेंटिमीटरचा नमुना काढून ४.४८ ने गुणायचं आणि "पालाश ९००, आता दहा वर्षं चिंता नाही" म्हणायचं, हाही त्यातलाच प्रकार. वर्ग हा तीव्रतेवर (पीपीएमवर) ठरतो, साठ्यावर नाही.

साठा काढायचा असेल, म्हणजे कर्ब किती टन आहे किंवा क्षार किती आहेत, तेव्हा मात्र खरी घनता आणि खरी खोली घ्या. मुरमाड जमिनीत एक वजावटही करा. प्रयोगशाळा माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून तपासते. वजनाने ३० टक्के खडे वर राहिले असतील, तर आलेला साठा ०.७ ने गुणावा लागतो. माळरानावर हे विसरलं, तर कागदावर जमीन उगाच श्रीमंत दिसते.

वजाबाकी करू नका

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक एककाची नाहीच. "गव्हाला १२० किलो नत्र लागतं, जमिनीत १८८ आहे, मग युरिया कशाला?" ऐकायला तर्क बिनतोड वाटतो.

अहवालातला 'उपलब्ध' हा आकडा म्हणजे पिकाच्या नावावर काढून ठेवलेली रक्कम नव्हे. आल्कलीयुक्त परमँगनेटमध्ये माती उकळली की सहज तुटणारं सेंद्रिय नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर येतं, ते मोजतात. १९५६ ची सुब्बय्या आणि असिजा यांची ही पद्धत आजही चालते. त्या आकड्यावरून ही जमीन त्या जमिनीपेक्षा नत्र देण्यात उजवी की डावी, एवढं कळतं. तापमापकावर ताप कळतो, पण अंगात उष्णता किती साठली आहे ते त्यावरून काढत नाहीत, तसंच हे.

पडताळा घ्यायचा तर कर्बावरून घ्या. ०.४८ टक्के कर्ब म्हणजे हेक्टरच्या थरात सुमारे १०,७५० किलो कर्ब. कर्ब-नत्राचं गुणोत्तर १० ते १२ धरलं, तर एकूण सेंद्रिय नत्र ९०० ते १,०७५ किलो. वर्षाकाठी त्यातलं साधारण शेकडा १ ते ३ कुजून पिकाला मिळण्याजोगं होतं, म्हणजे १० ते ३० किलो. कुठे १८८ आणि कुठे ३०!

जस्ताचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. जस्ताची हद्द ०.६ पीपीएम. तुमच्याकडे ०.५२ आहे. वजाबाकीने कमतरता किती? ०.०८ गुणिले २.२४, म्हणजे हेक्टरी दोनशे ग्रॅमसुद्धा नाही. शिफारस मात्र २५ किलो झिंक सल्फेटची, ज्यात २१ टक्क्यांनी सव्वापाच किलो जस्त जातं. बाकीचं चुना आणि चिकणमाती धरून ठेवतात, आणि हळूहळू पुढच्या पिकांना सोडतात. म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यांचे पीपीएम किलोत बदलूच नयेत. हद्दीच्या वर की खाली, एवढंच बघायचं: लोह ४.५, मंगल (मँगनीज) २, जस्त ०.६, तांबे ०.२, बोरॉन ०.५, आणि गंधक १० पीपीएम.

"पण विद्यापीठाच्या समीकरणात तर जमिनीतलं वजा करतात!" हो, अपेक्षित उत्पादनाच्या समीकरणात वजाबाकी असते. पण तिथे जमिनीचा आकडा आधी एका गुणकाने गुणलेला असतो, आणि तो गुणक त्या पिकावर, त्या जमिनीत प्रयोग करून काढलेला असतो. काळ्या जमिनीतल्या उसाचं समीकरण कोकणातल्या भाताला लावता येत नाही. शिवाय आकडे ठरलेल्या पद्धतीचे आणि ठरलेल्या एककातच घालावे लागतात. जमिनीचं स्फुरद मूलद्रव्यात घालायचं आणि उत्तर पी२ओ५ मध्ये यायचं, असा प्रकार तिथे नेहमीचा. एकक नीट कळत असेल तर समीकरण उत्तम, नाहीतर वर्गांची पद्धत बरी.

नत्र मोजलं की कर्बावरून काढलं?

तुमच्याकडे चार-पाच गटांचे अहवाल असतील तर शेजारी शेजारी मांडा. कर्ब वाढला की नत्र त्याच प्रमाणात, अगदी दोरी लावल्यासारखं वाढतंय का बघा. तसं असेल तर नत्र वेगळं तपासलेलं नाही, कर्बावरून सूत्राने काढलंय. त्यात फसवणूक आहे असं नाही. कर्ब हा नत्राचा निर्देशक म्हणून वापरणं मान्य आहे. पण मग 'कर्बही कमी, नत्रही कमी' हे दोन पुरावे नव्हेत, एकच पुरावा दोनदा छापलाय. आणि मागच्या वर्षी परमँगनेटने मोजलेलं नत्र व यंदाचं कर्बावरून काढलेलं नत्र यांची तुलना करून "नत्र घटलं" म्हणू नका.

स्फुरदाच्या पद्धतीचंही तेच. आपल्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीला ओल्सेनची सोडियम बायकार्बोनेटची पद्धत, कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीला ब्रेची. ब्रेच्या द्रावणात आम्ल असतं. चुनखडीच्या मातीत ते चुन्यावरच खर्ची पडतं आणि स्फुरद नसल्यासारखं दिसतं. पीएच ८.२ आणि पद्धत ब्रे असा कागद हाती आला, तर त्यातला स्फुरदाचा आकडा सोडून द्या. त्याला कुठल्याही गुणकाने ओल्सेनमध्ये बदलता येत नाही.

काही खासगी प्रयोगशाळा पालाश सेंटिमोल प्रति किलो किंवा मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅममध्ये देतात. दोन्ही एकच. ३९१ ने गुणलं की पीपीएम. ०.५१ दिसलं तर घाबरू नका, ते २०० पीपीएमच आहे. विद्युत वाहकता (मातीतल्या क्षारांचं माप) ३४० दिसली तर ती मायक्रोसिमेन्समधली, म्हणजे ०.३४ डेसिसिमेन्स.

गोणीपर्यंतचा हिशोब

आपल्या नमुन्याचा गहू पूर्ण करून टाकू. नत्र १८८ कमी, म्हणून १२० चे १५०. स्फुरद कमी, ६० चे ७५. पालाश अत्यंत जास्त, ४० चे २०. हे हेक्टरी झालं. एकरासाठी अडीचने भागा: ६०:३०:८. (खरा भागाकार २.४७ ने, पण खत फेकताना तेवढी अचूकता कुणाच्याच हातात नसते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, ४० आर म्हणजे जवळपास एकर. गुंठा आणि आर यांत सव्वा टक्क्याचाच फरक आहे.)

आधी स्फुरद भागवा. ३० भागिले ०.४६, म्हणजे डीएपी ६५ किलो. त्यातूनच १८ टक्क्यांनी ११.७ किलो नत्र येतं. हे वजा करायला विसरणं ही दुकानातल्या हिशोबाची ठरलेली चूक. उरलं ४८.३ किलो नत्र, भागिले ०.४६, म्हणजे युरिया १०५ किलो. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते, ५० ची नव्हे. दोन गोण्या आणि १५ किलो. पालाश ८ भागिले ०.६०, म्हणजे पोटॅश १३ किलो. पेरणीला अर्धं नत्र द्यायचं असल्याने डीएपीसोबत युरिया ४० किलो, आणि राहिलेला ६५ किलो तीन आठवड्यांनी, पाण्याच्या पाळीसोबत. डीएपी मिळालं नाही तर सिंगल सुपर फॉस्फेट १६ टक्क्यांनी १८७ किलो लागेल. ओझं वाढतं, पण गंधक आपसूक मिळतं. त्यात नत्र नसतं, म्हणून युरिया मग १३० किलो धरा.

तरीही आकडे पटत नसतील

मग संशय नमुन्यावर. ओल्सेनच्या तपासणीला प्रयोगशाळा अडीच ग्रॅम माती घेते. त्या अडीच ग्रॅमवरून २२ लाख ४० हजार किलोंचा निष्कर्ष निघतो. शितावरून भाताची परीक्षा ठीक, पण शीत त्याच भाताचं हवं. बांधाजवळची, झाडाखालची, जुन्या उकिरड्याची, जनावरं बसायच्या जागेची माती एक ओंजळ जरी मिसळली, तरी स्फुरद-पालाश फुगतं. खत टाकल्यावर दोन-तीन महिने नमुना घेऊ नका. ठिबकच्या उसात फक्त नळीखालची माती घेतली तर आकडे वेगळे, दोन ओळींमधली घेतली तर वेगळे. कुठली घेतली ते चिठ्ठीवर लिहा, पुढच्या वेळी तीच घ्या. लोह-जस्त तपासायचं असेल तर गंजकं फावडं आणि जस्ताचा मुलामा असलेली बादली टाळा, लाकडी किंवा प्लॅस्टिकची खुरपी वापरा. माती सावलीत वाळवा.

मृद आरोग्य पत्रिकेबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१५ साली ही योजना सुरू झाली, तेव्हा नमुने चौकटी आखून घ्यायचे ठरलं: बागायतीत अडीच हेक्टरला एक, जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणजे पत्रिकेवर नाव तुमचं असलं, तरी माती शेजाऱ्याच्या वावरातलीही असू शकते. गावचा कल समजायला ती चांगली. डाळिंब किंवा द्राक्षाची बाग लावायची असेल, तर स्वतःचा नमुना स्वतः काढून द्या.

आणि एक शेवटचं प्रकरण, जिथे आकडा बरोबर असूनही शेतात वेगळंच दिसतं. लोह ६ पीपीएम, म्हणजे हद्दीच्या वर, तरी सोयाबीन किंवा उसाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. अशा वेळी लोहाचा आकडा पुन्हा पुन्हा तपासून उपयोग नाही, मुक्त चुन्याचा आकडा बघा. चुनखडी जास्त आणि जमीन पाण्याने चिबडलेली असेल, तर बायकार्बोनेटमुळे मुळाने उचललेलं लोहही पानात निकामी राहतं. तिथे नुसतं फेरस सल्फेट मातीत फेकू नका, शेणखतात मुरवून द्या. उभ्या पिकाला अर्ध्या टक्क्याची फवारणी करा, आणि आधी पाणी काढून वाफसा येऊ द्या.